चुकीने न दिलेल्या पैशाचा हिशेब

प्रति,
कोकण किनाऱ्यावरील तालुक्यांचे तहसीलदार व नायब तहसीलदार, संजय गांधी योजना शाखांमधील अव्वल कारकून, आणि या योजनांचे नियम व शासननिर्णय लिहिणारे मंत्रालयातील अधिकारी यांस

स. न. वि. वि.

दाभोळ खाडीच्या काठी राहणाऱ्या आम्ही काही जणांनी मिळून केलेला एक छोटा संगणकीय खेळ यंदा गणपतीला घरी आलेल्या चाकरमान्यांच्या लॅपटॉपवरून आणि नंतर तालुक्यातल्या महाविद्यालयांतून बराच फिरला. निराधार अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या, मासळी विकून पोट भरणाऱ्या एका बाईची ती जेमतेम वीस मिनिटांची गोष्ट आहे. हा खेळ शासकीय कर्मचाऱ्यांची टिंगल करतो, सबब तो मागे घ्यावा, असा निरोप आम्हाला एका कार्यालयातून तोंडी आला. तो लेखी द्यावा अशी विनंती आम्ही केली. लेखी काही आले नाही. त्या निरोपाचे उत्तर म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते एकाच कार्यालयाला न लिहिता आपणा सर्वांना उद्देशून लिहीत आहे, कारण खेळातले कार्यालय कोणत्याही एका तालुक्याचे नाही. खेळाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. पत्राची जाहिरात होऊ नये एवढीच इच्छा आहे.

मी ई-सेवा केंद्र चालवते. आपल्या टेबलापर्यंत पोहोचणारा अर्ज आधी माझ्या टेबलावरून जातो, आणि आपण लावलेली त्रुटी, म्हणजे अर्जातली उणीव दाखवणारा शेरा, अर्जदाराला वाचून दाखवण्याचे कामही बहुधा माझ्याकडेच येते. खेळातले प्रसंग या कामातून सुचलेले आहेत, त्यातली माणसे मात्र कल्पित आहेत. प्रोग्रामिंग गावातल्या मुलांनी गोडो या खेळ बनवण्याच्या मोफत साधनावर केले. (या साधनात देवनागरी जोडाक्षरे धड उमटू लागली ती २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आल्यावर, त्याआधी हा खेळ केला असता तर पडद्यावर 'त्रुटी' हा शब्दच तुटलेला दिसला असता.) सेवा केंद्रातल्या बाईचे चित्रणही खेळात आहे आणि ते गौरवाचे नाही. प्रत्येक झेरॉक्सचे पैसे ती मोजून घेते, आणि 'सर्व्हर डाऊन आहे, दुपारनंतर या' हे वाक्य तिच्या तोंडी सर्वाधिक वेळा आहे. टिंगल झालीच असेल तर तिच्यापासून सुरुवात झाली आहे.

बदनामीच्या आक्षेपाबद्दल पहिली गोष्ट अशी की आमच्या खेळात लाच मागणारे एकही पात्र नाही. सुरुवातीच्या मसुद्यात एक होते. ते आम्ही काढून टाकले, कारण चाचणीसाठी खेळणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष त्याच्यावरच जाई आणि खलनायक सापडल्याच्या समाधानात बाकीचा खेळ दिसेनासा होई. आता खेळातले सगळेजण नियमाने वागतात. कारकून बाईला बसायला खुर्ची देतो, तलाठी वेळेवर भेटतो, बँकेतला मुलगा न कंटाळता दोनदा समजावून सांगतो. कोणीही 'नाही' म्हणत नाही, आणि तरीही पहिल्या प्रयत्नात अनुदान मंजूर करून घेणारा खेळाडू विरळाच.

खेळाडूच्या हाती द्वारका नावाची बाई असते. ती खाडीपलीकडच्या वाडीत राहते, पहाटे बंदरावरच्या लिलावात मासळी घेते आणि पाटी डोक्यावर घेऊन आसपासच्या वाड्या फिरते. खेळाडूला सांभाळायच्या असतात त्या दोनच गोष्टी, कनवटीचे पैसे आणि दिवस. तालुक्याला जायचे तर फेरीबोटीचे तिकीट, पुढे एसटीचे तिकीट, आणि त्याहून मोठा खर्च म्हणजे त्या दिवसाची बुडालेली विक्री. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी जवळजवळ मिळतच नाही. सुकी मासळी साठवून ठेवली असेल तरच कनवटी टिकते. ओटीपी येण्यासाठी सड्यावर चढावे लागते आणि चढून उतरेपर्यंत त्याची मुदत संपते. अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक पुढे ढकलली गेली की पडद्यावर फक्त तारीख बदलते, दुसरे काही घडत नाही, आणि आमच्या अनुभवाने खेळाडू सर्वांत जास्त चिडतात ते या ठिकाणी.

द्वारकेला पहिल्याच टप्प्यात खोटे बोलावे लागते, आणि ही कल्पना आमची नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. एकवीस हजारांना ३६५ ने भागले तर दिवसाला साडेसत्तावन्न रुपये येतात, आणि तेही माणशी नव्हेत, अख्ख्या घराचे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. कायद्याने हमी दिलेले १०० दिवसांचे काम एखाद्या कुटुंबाला त्या वर्षी खरोखरच मिळाले असते, तर त्याचे उत्पन्न २९,७०० रुपये झाले असते आणि शासनाच्या लेखी त्या घरात कोणी निराधार उरले नसते. सरकारने ठरवलेल्या दराने, सरकारनेच हमी दिलेले काम पुरते केले, तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून नाव बाद होते, हे गणित मांडायला आम्हाला कोणतीही कल्पनाशक्ती वापरावी लागली नाही.

तलाठी उत्पन्न विचारतो तेव्हा पडद्यावर दोन उत्तरे येतात. खरे सांगितले तर खेळ तिथेच, तिसऱ्या मिनिटाला संपतो. पुष्कळ खेळाडू आधी खरेच सांगतात, विशेषतः शाळकरी मुले. मग ती पुन्हा सुरुवात करतात आणि वीस हजार हा आकडा निवडतात. तो आकडा खरा नाही हे तलाठ्याला ठाऊक असते, कारकुनाला असते, सही करणाऱ्या साहेबांनाही असते. पण प्रत्येकाने तो मान्य केल्याशिवाय योजना चालूच शकत नाही. अडचण अशी की सर्वांच्या संमतीने बोललेले हे खोटे कागदावर एकट्या द्वारकेच्या सहीने राहते, आणि पुढे कधी कोणाला तिचे अनुदान बंद करायचे झाले तर तेच पुरावा म्हणून काढता येते. खेळाच्या शेवटच्या टप्प्यात ते काढले जाते.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये, म्हणजे २०२३ मध्ये वाढ झाल्यापासून द्वारकेला मिळू शकणाऱ्या रकमेइतकीच. तिच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख रुपये आहे. तेवढ्याच पैशांसाठी एका बाईला दुसरीपेक्षा सुमारे बारापट गरीब असल्याचे सिद्ध करावे लागते. त्या योजनेला माझा विरोध नाही. माझ्याच केंद्रातून कितीतरी बायकांचे अर्ज गेले आणि पैसे आले तेव्हा आनंदच झाला. हा प्रसंग आम्ही खेळात घातला होता, पण चाचणीत लोकांना तो आम्ही पदरचा जोडल्यासारखा वाटू लागला, म्हणून काढला.

सर्वांत जास्त वाद झाला तो द्वारकेच्या नवऱ्यावरून. तो खलाशी म्हणून होडीवर गेला आणि परतला नाही. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, प्रेत लागले नाही. कोळी, खारवी, गाबीत, दाल्दी अशा कोणत्याही वस्तीत बसून विचारले तर अशी एखादी हकीकत ऐकायला मिळते, त्यामुळे यात आम्ही काही अघटित कल्पिले असे कोणी म्हणणार नाही. अर्जात लाभार्थ्याचा प्रकार निवडायचा असतो. यादीत विधवा आहे, परित्यक्ता आहे, घटस्फोटिता आहे, पस्तिशी ओलांडलेली अविवाहित स्त्री आहे, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नीसुद्धा आहे. द्वारकेने विधवा म्हणावे तर मृत्यूचा दाखला हवा, दाखल्यासाठी मृत्यूची नोंद हवी, आणि नोंदीसाठी एकतर प्रेत हवे किंवा सात वर्षे हवीत. सात वर्षे ज्याची खबरबात त्याच्या जवळच्या माणसांना लागलेली नाही तो मेला असे कायदा गृहीत धरतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही मुदत तशीच ठेवलेली आहे. परित्यक्ता म्हणावे तर नवऱ्याने मला टाकले असे तिने लिहून द्यायचे. येथे तिसरा पर्याय आम्ही ठेवलेला नाही, कारण आम्हाला तो सापडला नाही. बहुतेक खेळाडू बराच वेळ खालीवर करून शेवटी 'परित्यक्ता' निवडतात. सात वर्षे थांबण्याइतके दिवस खेळात उरलेले नसतात. सासूला हे कळते तेव्हा ती द्वारकेशी बोलणे टाकते, आणि त्याचा अर्जाशी काही संबंध नसल्याने पडद्यावर त्याची कोणतीही नोंद होत नाही.

या प्रसंगात कर्मचाऱ्यांची टिंगल कुठे आहे हे मला खरोखर समजलेले नाही. सात वर्षांची मुदत वारसाहक्कासाठी किंवा विम्यासाठी शहाणपणाची असेल, महिन्याच्या किराण्यासाठी ती तशी असू शकत नाही. आणि त्यातून वाट काढता येते हे यापूर्वी दिसलेले आहे. २०१३ मध्ये उत्तराखंडात प्रलय झाला तेव्हा बेपत्ता झालेल्यांच्या मृत्यूची नोंद सात वर्षे न थांबता करता यावी म्हणून विशेष कार्यपद्धती आखण्यात आली. २०१७ च्या ओखी वादळानंतर केरळने बेपत्ता मच्छीमारांच्या कुटुंबांनाही मदत दिली. मोठ्या संख्येने माणसे एकाच वेळी गेली की नियमाला मुरड घालता येते. एक होडी आणि तिच्यावरचे चार खलाशी एवढ्यासाठी मात्र ती घातली जात नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर समुद्र माणसे नेतो ती बहुधा अशी एकदोन करूनच.

नावांचा घोळ आपणांस सांगायला नको. रेशनकार्डावर 'द्वारका', ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर टंकलेखनाने झालेली 'व्दारका', आधार कार्डावर माहेरचे आडनाव, पासबुकावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जादा. खेळात या चारही जणी एकच बाई आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यापैकी एकीवर असते. मासळी साफ करून झिजलेले बोट यंत्रावर उमटत नाही, हेही त्यात आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. इतक्या वर्षांत झिजलेली बोटे यंत्राच्या परिचयाची व्हायला हरकत नव्हती. आणि एक खाते आहे, जे द्वारकेने बचत गटाच्या कर्जासाठी उघडले आणि नंतर ती विसरून गेली. अनुदान आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, त्यामुळे तिचे पैसे तिथे निमूटपणे साठत राहतात आणि ती पैसे बंद झाले म्हणून तालुक्याला खेपा घालत राहते. हे ज्या खेळाडूच्या ध्यानात येते तो आनंदाने ओरडतो. खेळात ओरडण्याजोगे एवढे एकच ठिकाण आहे.

आक्षेप घेणाऱ्यांनी खेळ येथवरच पाहिला असावा, असा माझा अंदाज आहे. द्वारकेची गोष्ट कशीही संपो, त्यानंतर पडदा उलटतो आणि खेळाडू खिडकीच्या आतल्या बाजूला येऊन बसतो. आता तो अव्वल कारकून असतो. समोर फायली असतात, आणि शेजारची जागा रिक्त असल्याने तिथल्याही फायली त्याच्याकडेच असतात. मध्येच निवडणुकीच्या कामाचा आदेश येतो, अवकाळी पावसाचे पंचनामे येतात, जिल्हा कार्यालयाची व्हिडिओ कॉन्फरन्स लागते, आणि अमुक तक्ता आत्ताच्या आत्ता पाठवा असा संदेश मोबाइलवर येऊन पडतो. अर्जदार खिडकीशी उभे राहून खोकतात. हे सगळे लिहिताना आम्ही आपल्यापैकी अनेकांशी चहाच्या टपरीवर बोललो आहोत आणि ज्यांनी मोकळेपणाने सांगितले त्यांचे आभार येथे नाव न घेता मानते.

या दुसऱ्या भागाचे नियम साधे आहेत. पात्र अर्जदाराला मंजुरी दिली तर कारकुनाचे काही होत नाही. अपात्र माणसाला दिली तर लेखा आक्षेप निघतो, खुलासा द्यावा लागतो आणि वसुली लागते. पात्र माणसाचा अर्ज नाकारला तरी काही होत नाही. आणि त्रुटी लावून अर्ज परत पाठवला तर ढीग एका फायलीने कमी होतो, मुदतीचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते आणि तक्त्यात तो अर्ज 'निकाली' या रकान्यात जाऊन बसतो. हे नियम आम्ही खेळाडूला सांगत नाही, त्याचे त्यालाच ते काही मिनिटांत उमजतात. पहिल्या भागात द्वारकेसाठी हळहळणारा, बाहेरून खिडकीला शिव्या घालणारा तोच खेळाडू दुसऱ्या भागात 'प्रत अस्पष्ट' असा शेरा मारून फायली परत करू लागतो, आणि त्याचे गुण वाढत जातात. निवृत्त झालेल्या एका नायब तहसीलदारांनी हा भाग खेळून एक सुधारणा सुचवली. आमच्या खेळात आक्षेप फार लवकर निघत असे. प्रत्यक्षात तो कारकुनाची बदली होऊन गेल्यावर, कधीकधी निवृत्तीच्या तोंडावर निघतो, आणि कारकुनाच्या मनात धाक असतो तो त्याचा. आता खेळातही आक्षेप शेवटच्या फेरीत येतो आणि निवृत्तिवेतनाचे प्रकरण अडवतो. हे ज्याने पाहिले त्याला कारकून दुष्ट वाटत नाही. त्याला फक्त एकाच बाजूने भीती घातलेली आहे, आणि शहाणा माणूस जसा वागेल तसा तो वागतो आहे.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. चुकीने दिलेल्या पैशाचा हिशेब आपल्याकडे विचारला जातो. चुकीने न दिलेल्या पैशाचा कोणी विचारत नाही. अपात्राला दिलेल्या रकमेची वसुली कारकुनाच्या पगारातून झाल्याच्या गोष्टी माझ्या कानावर आलेल्या आहेत. पात्र बाईला दोन वर्षे न दिलेल्या रकमेबद्दल कोणाकडून खुलासा घेतल्याचे मी कधी ऐकलेले नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात कारणाविना विलंब केल्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे आणि उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदतही आहे, परंतु चौदाव्या दिवशी लावलेली त्रुटी विलंबात मोजली जात नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये शासनाने शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वसाक्षांकित प्रती घेण्याचा निर्णय काढला. कित्येक खिडक्यांवर तो अजून पोहोचलेला नाही, आणि त्याचे कारण आळस असेल असे मला वाटत नाही. जादा कागद मागितल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाही, कमी कागदांवर सही केल्याबद्दल द्यावा लागतो. मग कागद वाढणारच.

हा रोग आपल्यापुरता नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातली फसवणूक हुडकण्याच्या भरात हजारो निरपराध पालकांवर वसुली लादली गेली आणि त्या प्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात वर्षभराचे उत्पन्न पंधरवड्यांमध्ये सारखे वाटून संगणक लोकांच्या नावावर थकबाकी काढत असे. ज्यांची कमाई कधी होती आणि कधी नव्हती त्यांच्यावर नसलेली देणी चढली, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्या योजनेवर कठोर ठपका ठेवला. किनाऱ्यावरच्या माणसाला हे लगेच कळेल. जून-जुलैत घरात काही येत नाही, हंगाम चांगला लागला तर दोन महिन्यांत बरे पैसे येतात, आणि या दोहोंची काढलेली सरासरी कोणत्याच महिन्याच्या डब्यात सापडत नाही.

आता टिंगलीविषयी थोडे. दशावतारात संकासुर भटजींना जे काही बोलतो ते देवळासमोर, मानकऱ्यांच्या देखत बोलतो. आमच्याकडच्या नमन-खेळ्यांतही तो असतो. शिमग्यात कोणाच्या नावाने बोंब मारली म्हणून गावाने कधी कोणाला निरोप धाडल्याचे स्मरत नाही. त्या मानाने आमचा खेळ फारच सोज्वळ आहे. संगणकीय खेळांतही ही वाट जुनी आहे. १९८७ मध्ये डग्लस ॲडम्स यांनी लिहिलेल्या 'ब्युरोक्रसी' या खेळात पत्ता बदलल्याचे बँकेला पटवून देता देता खेळाडूचा रक्तदाब चढत जातो आणि फारच चढला तर तो मरतो. लुकास पोप यांच्या २०१३ च्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये खेळाडू एका कल्पित हुकूमशाही देशाच्या सीमेवर तपासनीस म्हणून बसतो आणि येणाऱ्यांचे कागद तपासतो. चुका वाढल्या की पगारातून दंड कापला जातो आणि घरी औषधाला पैसे उरत नाहीत. आमचा दुसरा भाग त्या खेळावरून सुचला. पण दोहोंत एक फरक पडला आणि तो मुलांनी नियम लिहायला घेतले तेव्हा ध्यानात आला. त्या कल्पित देशात कागद चुकीचे असलेल्याला आत सोडले तर दंड होतोच, पण कागद बरोबर असलेल्या माणसाला परत पाठवले तरीही होतो. तो नियम आमच्या खेळात घ्यावा असे मुलांचे म्हणणे होते, कारण त्याने खेळ जास्त रंगतो. मी तो घेऊ दिला नाही; इथे तसे होत नाही.

तेव्हा खेळ मागे घेण्याविषयी बोलण्याऐवजी तो नियम खेळात घालता येईल अशी परिस्थिती आपण निर्माण करावी, ही विनंती आहे. प्रत्येक तालुक्यात दरवर्षी नाकारलेल्या आणि त्रुटी लावून परत केलेल्या अर्जांमधून काही अर्ज चिठ्ठी टाकून काढावेत आणि शेजारच्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याने त्या अर्जदाराच्या घरी जाऊन पाहावे. अर्जदार पात्र निघाला तर त्याला मंजुरीच्या तारखेपासून नव्हे, मूळ अर्जाच्या तारखेपासून रक्कम मिळावी, आणि तालुक्याने अशी किती रक्कम लोकांना द्यायची राहून गेली त्याचा रकाना वसुलीच्या रकान्याशेजारी छापला जावा. या एका रकान्याने टेबलावरची भीती दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाईल असे मला वाटते. त्रुटी लावायच्या त्या सर्व एकाच वेळी लावाव्यात. दुसऱ्यांदा नवी त्रुटी काढायची असेल तर नायब तहसीलदारांनी स्वतःच्या सहीने कारण लिहावे. चालू अनुदान बंद करण्यापूर्वी घरी मराठीत लेखी नोटीस पोहोचावी, एवढी साधी गोष्ट मागावी लागते आहे याचे वाईट वाटते.

समुद्रात बेपत्ता झालेल्यांच्या बायकांसाठी मंत्रालयाने वेगळा प्रकार करावा. सागरी पोलिसांचा अहवाल, मत्स्यव्यवसाय विभागाकडची होडीची नोंद, सोबतच्या खलाशांचे जबाब आणि ग्रामसभेचा ठराव एवढ्या आधारावर तात्पुरते अनुदान सुरू करता येईल. सात वर्षांत माणूस परत आलाच तर ते बंद करायला बाईची हरकत असणार नाही. २१,००० रुपयांची मर्यादा बदलणे तहसीलदारांच्या हातात नाही हे मी जाणते, परंतु ज्यांच्या हातात आहे तेही या पत्राच्या मायन्यात आहेत.

खेळाच्या दुसऱ्या भागात आम्ही एखादा नियम चुकीचा मांडला असेल तर तो दुरुस्त करायला आम्ही तयार आहोत, आणि त्यासाठी आपल्यापैकी या शाखेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी तो एकदा खेळून पाहावा. पहिला भाग पाहायचा नसेल तर थेट दुसऱ्यापासून सुरुवात करता येते. त्याला इंटरनेट लागत नाही आणि जुन्या संगणकावरही तो चालतो. कार्यालयाच्या संगणकावर घेता येत नसेल तर मी माझा लॅपटॉप घेऊन येईन. मार्चअखेर आपली धावपळ असते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझी, कारण ३१ मार्चला उत्पन्नाचे दाखले बाद होतात आणि केंद्रासमोर त्यासाठी पुन्हा रांग लागते. तो काळ सोडून कोणत्याही कामकाजाच्या दिवशी बोलवावे. वेळ शक्यतो दुपारची द्यावी, म्हणजे सकाळचे अर्ज संपवून फेरीबोट गाठता येईल.

आपली नम्र,
एक ई-सेवा केंद्रचालक
दाभोळ खाडी परिसर